थोरलीच्या घशाचा आलेख

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेचा विभाग ओलांडला की उजव्या हाताला एक अरुंद खोली होती. दारावरच्या पाटीवर विभागाचं लांबलचक नाव होतं, पण ते पूर्ण वाचण्याइतका धीर कुणाला नसे. सगळे तिला ‘नळीची खोली’ म्हणत. खोलीत दोन बायका काम करायच्या. एक एकोणीस वर्षं तिथेच होती, दुसरी तीन वर्षांपूर्वी आलेली. वॉर्डातल्या कुणा गमत्या माणसाने त्यांची थोरली आणि धाकटी अशी नावं पाडली, जशा काही त्या एकाच घरात दिलेल्या जावा. ती नावं चिकटली ती चिकटलीच.

ज्यांना घास अडकतो, छातीत जळजळतं, किंवा छाती दुखते पण हृदय ठणठणीत निघतं, अशी माणसं थोरलीकडे यायची. बुटाच्या नाडीएवढ्या जाडीची एक मऊ नळी ती त्यांच्या नाकातून घालून अन्ननलिकेत उतरवायची. त्या नळीवर ठिकठिकाणी बारीक चकत्या असत. काही स्नायूंचा दाब मोजणाऱ्या, एक पोटातलं आम्ल वर येतं का ते टिपणारी. मग पिचकारीने तोंडात घोटभर पाणी द्यायचं आणि गिळायला सांगायचं. समोरच्या पडद्यावर एकाखाली एक रेषा. माणसाने गिळलं की सगळ्यात वरच्या रेषेवर उंचवटा उठायचा, मग दुसरीवर, मग तिसरीवर, असा तो घोट जिना उतरल्यासारखा पोटापर्यंत जाताना दिसायचा.

काही जणांना ती नळी नाकात तशीच ठेवून, कमरेला एक डबी बांधून, दिवसभरासाठी घरी पाठवत. डबी सगळं टिपून ठेवायची. सोबत एक छोटी वही असायची. केव्हा खाल्लं, केव्हा आडवं झालो, ते त्यात लिहायचं. डबीवर एक बटण होतं. दुखलं, जळजळलं की ते दाबायचं. दुसऱ्या दिवशी वही आणि आलेख शेजारी शेजारी ठेवून थोरली वाचायला बसायची. वहीत माणसं खोटं लिहायची, आलेख लिहायचा नाही. ‘रात्री फक्त दूध’ असं लिहिणाऱ्याने साडेदहाला काय काय हाणलंय ते तिला तिथे बसल्या जागी दिसायचं. पण ती कुणाची फजिती करायची नाही. “दूध जरा घट्ट होतं का हो?” एवढंच विचारायची.

तिचा हात हलका होता आणि तोंड त्याहून हलकं. एकदा एक धिप्पाड माणूस नळी बघूनच घामाघूम झाला. ती म्हणाली, “अहो, देवाने एवढं मोठं नाक दिलंय, त्याचा काहीतरी उपयोग होऊ द्या.” तो हसला, आणि हसता हसता नळी आतही गेली.

तिचा कान मात्र हाताहूनही तयार होता. पडद्याकडे पाठ करून उभी असली तरी मागे कुणी काय गिळलं ते तिला नुसत्या आवाजावरून कळे. पाण्याचा घोट वेगळा, नुसत्या थुंकीचा रिकामा घोट वेगळा. घाबरलेल्या माणसाचा वेगळा. रडू आवरणाऱ्याचा तर अगदीच वेगळा. धाकटीने पहिल्या आठवड्यात याची परीक्षा घेतली होती आणि हरली होती.

तर अशी ही बाई. आणि ही बाई दोन वर्षांपासून ‘गिळा’ हा शब्द तोंडातून काढत नव्हती.

पाण्याचा घोट दिला की ती टेबलावर बोटाने एकदा टकटक करायची. टकटक झाली की गिळायचं, असं आधीच समजावून सांगितलेलं असायचं. धाकटीला वाटायचं, ताईंनी काढलेली ही नवी पद्धत असेल. डॉक्टरांना नवल वाटायचं. “थोरल्या बाई, सरळ गिळा म्हणा की. पेशंटला वाटतं दारावर कुणी आलंय.” ती नुसती हसायची आणि पुन्हा टकटक करायची.

त्याचं कारण असं.

थोरलीचं लग्न झालं नव्हतं. आई आणि ती, दोघीच राहायच्या, इस्पितळापासून दहा मिनिटांवर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. मोठा भाऊ, म्हणजे दादा, मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला. वर्षातून दोन-अडीच महिने घरी, बाकी पाण्यावर. आई उमेदीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. बोलणं हाच तिचा धंदा. निवृत्त झाल्यावरही शेजारणींच्या भांडणात पडायची आणि ‘थांबा, जोडून देते’ म्हणत समेट घडवायची. जीभ अशी, की किल्लीवाला म्हणायचा, तुमच्या आईंपुढे माझी कानस बोथट.

त्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि सगळे शब्द गेले. एकच उरला. ‘हो.’ भूक लागली का, हो. नको का, हो. मी कोण आहे, हो. कधी कधी त्या एका ‘हो’त इतकं काही कोंबलेलं असायचं की थोरलीला तिच्याकडे बघवायचं नाही.

घसाही कमजोर झाला होता. रोज तीन वेळा, चमच्याने, दुधात भिजवलेला ब्रेड नाहीतर कुस्करलेलं केळं. सकाळी आणि संध्याकाळी सवड असायची. दुपारी मात्र थोरली जेवणाच्या सुट्टीत धावतपळत घरी यायची, बारा चाळीसला आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायची, आणि दीडच्या आत परत खोलीत हजर व्हायची. बाकीचा वेळ किल्लीवाल्याची बायको वर येऊन बसे. असं चौदा महिने चाललं.

आईला एक खोड लागली होती. घास गालात धरून ठेवायची. पाच मिनिटं, कधी दहा. झटक्यानंतर असं होतं, हे थोरलीला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. अशा पेशंटच्या नातेवाइकांना ती स्वतःच शिकवायची. हनुवटी खाली. घाई करायची नाही. गळ्याकडे बघायचं, घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा चमचा. आणि तोंडात घास असताना बोलायला लावायचं नाही, कारण बोलायला श्वासाची वाट उघडते आणि घास तिकडे जातो.

त्या दुपारी इस्पितळातून दोनदा फोन आला. कुणीतरी लांबून आलेला पेशंट नाकात नळी घेऊन ताटकळत बसला होता, आणि धाकटी तेव्हा नवीन होती. आईने चौथा घास गालात धरला होता. घड्याळात एक वीस. थोरलीने चमचा वाटीत आपटला.

“गिळ ना एकदाचं! किती वेळ धरून बसणार आहेस?”

आपल्या भाषेत लाडक्याला ‘जेव’ म्हणतात, कुणालाही ‘खा’ म्हणतात, आणि ‘गिळ’ म्हणतात ते नकोशा झालेल्या माणसाला. इस्पितळात दिवसातून शंभरदा जो शब्द ती साध्या सुरात वापरायची, तो घरी तिच्या तोंडून दुसऱ्या अर्थाने बाहेर पडला. दोघींनाही तो अर्थ कळला.

आईने तिच्याकडे पाहिलं. “हो,” म्हणाली. आणि गिळलं.

ठसका लागला. थोरलीने पाठ चोळली, तोंड पुसलं, ठसका थांबला. किल्लीवाल्याची बायको आली तशी थोरली निघून गेली. संध्याकाळी आईला ताप होता. तिसऱ्या दिवशी, थोरली इतकी वर्षं ज्या इमारतीत काम करत होती त्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, आई गेली. फुप्फुसात अन्न गेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, हे आज ना उद्या होणारच होतं, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर जाणता.

ती जाणत होती. तेच तर होतं.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. दादा चार दिवसांनी पोचला. त्यालाही नाही.

आवाज पहिल्यांदा आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी. ती स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी होती. आईच्या खोलीतून, अगदी स्पष्ट, एक घोट गिळल्याचा आवाज आला.

तिचे हात पाण्यातच राहिले. तिने कान देऊन वाट पाहिली. अर्ध्या एक मिनिटाने पुन्हा. रिकामा घोट, कोरडा, जरा कष्टाने उतरलेला. म्हातारीचा. असला आवाज ओळखण्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं; तिचं पोटच त्यावर होतं. ती खोलीत गेली. पलंग, त्यावर घडी घातलेलं पांघरूण, शेजारी खुर्ची. घड्याळात बारा पंचेचाळीस.

माणूस आधी नळाला दोष देतो. तिने वॉशर बदलून घेतला. मग फ्रिजवर संशय घेतला, एका सुट्टीला तो बंद ठेवला आणि त्यातलं दूध नासवून घेतलं. मग खिडकीबाहेरची कबुतरं. सगळ्यांना निर्दोष सोडल्यावर तिने शोधणं बंद केलं. सुट्टीच्या दिवशी बारा चाळीस झाले की ती स्वतःच जाऊन त्या खुर्चीत बसायला लागली. हात मांडीवर, नजर उशीवर. आवाज यायचे. कधी दहा, कधी पंधरा. एकच्या सुमारास थांबायचे. मग ती उठून स्वतःचं जेवण गरम करायची. भीती वाटायची का? सुरुवातीला वाटली. नंतर जे वाटायचं ते भीतीहून वाईट होतं. तिला वाटायचं, आई अजून तो चौथा घास गिळतेच आहे. सांगितलं म्हणून.

अशी दोन वर्षं गेली, आणि नळीच्या खोलीत नवी डबी आली.

“दाब आणि आम्ल, दोन्ही टिपते,” डॉक्टर खूश होऊन म्हणाले. “आणि आकाराने पूर्वीच्या डबीच्या निम्मी. पेशंटला लावण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी एक दिवस घालून बघा. निरोगी माणसाचा एक आलेख हाताशी असलेला बरा.”

धाकटीने लगेच गळ्याला हात लावला. “मला नका सांगू. मला दात घासतानाही उलटी येते.”

“मी घालते,” थोरली म्हणाली. “उद्या माझी सुट्टीच आहे.”

तिच्या मनात काय होतं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आवाज पकडता येईल असं नव्हतं. डबी खोलीतलं ऐकत नाही, घशातलं मोजते. पण डबीवर बटण होतं. त्रास झाला की दाबा, असं ती इतकी वर्षं लोकांना सांगत आली होती. तिला वाटलं, आवाज येईल तेव्हा आपण ते दाबावं. अमुक वाजता आला, तमुक वाजता आला, एवढं तरी कुठेतरी उमटावं. आपल्या डोक्याबाहेर कुठेतरी.

नळी धाकटीने घातली. ती बिचकत होती, म्हणून थोरली आरशात बघून स्वतःच्याच नाकाविषयी सूचना देत होती. “डावीकडे नको, तिथे हाड आहे. हं. आता थांब. आता सरकव.”

“गिळा, ताई,” धाकटी म्हणाली. “गिळा, गिळा, गिळा. झालं!”

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धाकटीने रुमाल दिला. नळी घालताना सगळ्यांच्याच डोळ्यांत येतं.

घरी जाताना गालावर चिकटपट्टी, कानामागून वळसा घेतलेली नळी, कमरेला डबी, अशी स्वारी निघाली. रस्त्यावर लोक वळून बघत होते. किल्लीवाल्याने कानस थांबवली. “काय हो ताई, स्वतःला चार्जिंगला लावलंय का?”

“उद्यापर्यंत भरते,” ती म्हणाली आणि जिना चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वहीत चोख नोंदी केल्या. सात दहा, चहा. आठ, ब्रेड आणि अंडं. बारा चाळीसला ती खुर्चीत बसली. खिडकीचा एक पडदा अर्धवट ओढलेला, उशीवर उन्हाची पट्टी. अंगठा बटणावर.

पहिला आवाज आला. तिने दाबलं. डबीने ‘टिक’ केलं.

बटण नऊ वेळा दाबलं गेलं. एकदा तर आवाज इतक्या जवळून आला की ती पुढे वाकली आणि उशीवर हात फिरवला. उशी उन्हाने कोमट झाली होती. एक वाजून पाच मिनिटांनी सगळं शांत झालं. वहीत त्या वेळेपुढे तिने काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर यायच्या आत दोघी पडद्यासमोर बसल्या. धाकटी वाचत होती, कारण तिला सराव हवा होता.

“हा चहा. हा नाश्ता, बरोबर, बघा किती दाट. आम्ल जरासं चढलं, लगेच उतरलं. छान.” ती पुढे सरकत गेली. “ताई, तुम्ही पावणेएकला काय खाल्लंत? लिहायचं राहिलंय.”

“काही नाही खाल्लं.”

“मग हे काय?”

थोरलीने चष्मा लावला. बारा एक्केचाळीसपासून गिळण्याच्या खुणा होत्या. एकामागून एक, अर्ध्या मिनिटाने, चाळीस सेकंदांनी. जिना उतरणारे घोट. पण त्यांच्यामागे अन्न नव्हतं. रेषा पातळ, कोरड्या. साधा माणूस बसल्याजागी नकळत गिळतो, मिनिटाला एखाद्या वेळी. हे तसं नव्हतं. याला लय होती, मध्ये थांबणं होतं, पुन्हा सुरू होणं होतं. एक वाजून चार मिनिटांनी संपलेलं.

“रिकामे घोट,” थोरली म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. “माझे.”

धाकटीने ओठ दाबून पडद्याकडे पाहिलं, आणि एकदम हसली. “अय्या, ताई, हे तर मी करते! पोरीला भरवताना. ती आ करते तेव्हा माझा पण आ होतो, आणि ती गिळेपर्यंत मीच गिळत बसते. नवरा चिडवतो मला, म्हणतो, पोरीला भरवतेस की स्वतः जेवतेस? अगदी अस्साच आलेख येईल माझा.” ती वळली. “तुम्ही कुणाला भरवत होतात?”

विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. थोरलीची आई गेली तेव्हा ती स्वतः चौथ्या मजल्यावर दोनदा डबा घेऊन गेली होती. तिचा चेहरा उतरला. “ताई, मी... चुकून...”

“असू दे गं,” थोरली म्हणाली.

थोरली बटणाच्या खुणा बघत होती. लाल, उभ्या, नऊ. जिथे तिने आवाज ऐकला तिथे तिथे तिच्या स्वतःच्या घशाने घोट उतरवला होता. दोन वर्षं ती ज्याला घाबरली, ज्याच्यासाठी फ्रिज बंद केला, ते तिच्याच गळ्यातून येत होतं. कान इतका तयार, आणि आपलाच आवाज ओळखला नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तिचा गळा अजून सुट्टीच्या सुट्टीला, वेळेवर, भरवायला बसत होता.

“एक चुकलंय,” धाकटी हळूच म्हणाली, काहीतरी बोलायला हवं म्हणून. “हे सातवं बटण. इथे रेषा सपाट आहे. घोट नाहीच.”

बारा अठ्ठावन्न. थोरली उशीकडे वाकली होती ती वेळ.

“बोट लागलं असेल,” धाकटी म्हणाली.

“असेल,” थोरली म्हणाली.

डॉक्टरांनी आलेख भराभर खाली सरकवला. आम्ल प्रमाणात, दाब उत्तम, दुपारी रिकामे घोट जास्त, बहुधा नळीची सवय नसल्याने. “ठणठणीत आहात,” ते म्हणाले. “पाणी जास्त प्या.”

दीड महिन्याने दादा रजेवर आला. साठीला टेकलेला, इंजिनाच्या गडगडाटाने एका कानाने कमी ऐकणारा. त्याच्याशी बोलायचं तर चांगल्या कानाच्या बाजूला बसावं लागे. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर थोरली त्या बाजूला बसली आणि तिने सांगितलं. फोन, चमचा, चौथा घास. शब्द जसा उच्चारला होता तसाच उच्चारून दाखवला. मग आवाज, आणि मग आलेख.

दादा पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिला.

“हे तू मला आत्ता सांगतेस?”

“हो.”

“दोन वर्षांनी?”

“तेव्हा सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

तो ताडकन उठला. “मला माहीत नाही काय केलं असतं! पण मी जगभर सांगत फिरलो, माझ्या बहिणीने आईला फुलासारखं जपलं म्हणून!” चप्पल पायात अडकवून तो जिना उतरून गेला. दुकानावरून जाताना किल्लीवाल्याने हाक मारली तरी त्याने मान वर केली नाही.

थोरलीने ताटं घासली. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तिला उलट वाटलं, आता घरात दोघांना पुरेल एवढं झालं.

दादा दिवेलागणीला परत आला. हातात ब्रेडचा पुडा होता, उगाचच आणलेला. तो ओट्यावर ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी असतो तर मी तिला भरवलंच नसतं. मला जमलं नसतं. मी रजा पुढे ढकलली होती, माहितीये? दोनदा. ती तशी झालेली बघवणार नाही म्हणून. जहाजावर सांगितलं, माणूस कमी आहे. माणूस काही कमी नव्हता.”

तिने पुडा उघडला आणि ब्रेड डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. बारा चाळीसला ती सवयीने आईच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने दादा दारात येऊन उभा राहिला. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिच्याशेजारी बसला, चांगला कान तिच्याकडे करून. बराच वेळ तो तिच्या गळ्याकडे बघत होता.

“आत्ता गिळलंस,” तो म्हणाला.

“हं.”

“आत्ता पण.” जरा वेळाने, “कळत नाही तुला?”

“नाही कळत. तू म्हणालास की मग कळतं.”

पुढच्या सहा-सात घोटांना त्याने नुसती मान हलवली. मग विचारलं, “किती वेळ लागायचा रोज?”

“अर्धा तास. कधी पाऊण.”

“एका वाटीला?”

“अर्ध्या वाटीला.”

दादाने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. उठून आत गेला. भांड्यांचा खडखडाट झाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक चमचा होता. रिकामा. “दाखव मला,” तो म्हणाला. “कसं करायचीस ते.”

“आता काय करायचंय दाखवून?”

“दाखव.”

तिने चमचा घेतला आणि पलंगाच्या कडेला सरकली. “समोर बसायचं, वरून नाही. वरून दिला की मान वर जाते. असा खालून आणायचा. ओठाला लावायचा आणि थांबायचं. तिने घेतला की बाहेर काढायचा. मग गळ्याकडे बघायचं.” तिने चमचा त्याच्या हातात दिला. “कर.”

दादाने इंजिनाचा पाना धरावा तसा तो मुठीत धरला.

“असा नाही. बोटांत. लेखणीसारखा.”

“वेड्यासारखं वाटतंय.”

“मलाही वाटतंय. हनुवटीच्या खालून आण.”

त्याने चमचा उशीच्या दिशेने नेला आणि मध्येच धरून ठेवला. हात इंजिनाच्या तेलाने कायमचा काळवंडलेला, नखांच्या कडा जाड झालेल्या. खाली किल्लीवाल्याची कानस चालली होती. थोरली उशीकडे बघत होती, जिथे गळा असायचा तिथे.

दादा हात मागे घ्यायला लागला.

“थांब,” ती म्हणाली. “घाई करू नकोस. तिचं अजून झालं नाही.”

तो थांबला. दोघांनीही श्वास धरला होता. मग तिने मान हलवली आणि त्याने पुढचा चमचा उचलला.

रजा संपल्यावर दादा जहाजावर गेला. जाताना त्याने पलंग हलवायचा का असं विचारलं, थोरली नको म्हणाली, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. आवाज अजून येतात. बहुतेक तिचेच असतात. आता ते तिला आधी गळ्यात कळतात आणि मग कानात. पण अधूनमधून एखादा असा येतो की गळा जागचा हललेला नसतो. तेव्हा ती खुर्चीत तशीच बसून राहते, आणि पुढचा घास द्यायच्या आधी जितका वेळ द्यायला हवा होता, तितका देते.